'आधी मालक ठरवा, मग या' असं गहाण घेणारा म्हणू शकतो का?

प्रश्न : माझं माहेर करवीर तालुक्यात. आजोबांनी १९७१ साली सव्वा एकर जमीन गावातल्याच एका कुटुंबाकडं चार हजार रुपयांना ताबेगहाण ठेवली. दस्त नोंदवलेला आहे, मुदत पाच वर्षांची. व्याजाऐवजी त्यांनी जमीन कसून पीक खायचं असं ठरलं होतं. आजोबा १९८४ मध्ये गेले. त्यांची दोन मुलं, थोरले चुलते आणि माझे वडील. चुलतेही आता नाहीत. आई आधीच गेली, वडील २०१९ मध्ये गेले. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. सातबारावर आमचं नाव लागलेलं नाही. मी पैसे घेऊन जमीन सोडवायला गेले तर गहाण घेणाऱ्याचा नातू म्हणाला, 'आधी तुमच्यात मालक कोण ते ठरवा, मग या. आणि पन्नास वर्षं उलटली, आता जमीन आमचीच.' चुलतभाऊ म्हणतात, वडिलांनी १९९० मध्ये गावातलं घर घेतलं आणि शेतीवरचा हक्क सोडल्याचं स्टँपवर लिहून दिलं, त्यामुळं तुमचा संबंध नाही, आम्हीच सोडवणार. धाकटा तर आपला हिस्सा त्याच लोकांना विकायच्या बोलण्यात आहे, असं कानावर आलंय. मी आधी वाटपाचा दावा लावू की गहाण सोडवू? निम्मे दोन हजार भरून माझ्यापुरती निम्मी जमीन सुटेल का? कोर्टाची भीती वाटते. थोरला म्हणतो, 'मुंबईपर्यंत खेचीन.'
एक वाचक, कागल

उत्तर : ताई, तुम्ही पैसे घेऊन त्यांच्या दारात गेलात, हे फार बरं केलंत. कोणत्या तारखेला गेलात, सोबत कोण होतं, ते काय बोलले, हे आजच वहीत लिहून ठेवा. 'आम्ही पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत' हे पुढं कोर्टात सांगताना त्याच चार ओळी कामाला येतील.

'आधी मालक ठरवा' हे उत्तर मी वकिलीच्या सगळ्या वर्षांत ऐकत आलोय, शिरोळच्या मळीच्या रानापासून भुदरगडच्या डोंगरकपारीपर्यंत. भाऊबंद भांडत राहतात, दोन पिढ्या बोलणं बंद होतं, आणि रानात ऊस त्याचाच उभा राहतो ज्याच्याकडं गहाण आहे. मला याची चीड येते, कारण कायद्यानं त्याला ही सोय कधी दिलेलीच नाही.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ९१ सांगतं, की गहाण मिळकतीत किंवा ती सोडवण्याच्या हक्कात ज्याचा कोणताही हितसंबंध आहे, त्याला गहाण सोडवता येतं. निम्मा हिस्सा असो, सहावा असो की बारावा, सोडवायला तेवढा पुरतो. तुमच्या वाट्याला नेमके किती गुंठे येतात, याची चौकशी गहाण घेणाऱ्यानं करायचं कारण नाही. तुमच्या आजोबांची मालकी मानूनच त्यांच्या घराण्यानं दस्त करून घेतला, चार हजार मोजले आणि रानात नांगर घातला. आता त्याच आजोबांची मालकी त्यांना नाकारता येत नाही. फार तर एवढंच विचारता येतं, की तुम्ही त्या आजोबांच्या वारस आहात याला आधार काय. तो आधार म्हणजे तुमच्या वडिलांचा आणि आजोबांचा मृत्यूदाखला, शाळेचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र.

सातबारावर नाव नाही म्हणून खचू नका. फेरफार आणि सातबारा महसुलासाठी असतात, त्यांनी मालकी मिळत नाही आणि जातही नाही. तरी वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं लगेच द्या आणि पोच घ्या. चुलतभाऊ हरकत घेतील. घेऊ देत, अर्ज केल्याची तारीख तर कागदावर राहील.

त्या नातवाची एक भीती मात्र खरी असू शकते. आज तुमच्या हाती ताबा दिला आणि उद्या चुलतभाऊ येऊन म्हणाले, 'आमची जमीन तिला का दिलीस?' तर तो दोन्हीकडून अडकेल. म्हणूनच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३४ मध्ये अगदी पहिला नियम हा आहे, की गहाणात किंवा सोडवण्याच्या हक्कात ज्यांचा ज्यांचा संबंध आहे, त्या सगळ्यांना दाव्यात घ्यायचं. चुलतभावांना वगळून गुपचूप दावा लावायचा मोह होईल, तो टाळा. त्यांना प्रतिवादी करा. दाव्यात सगळे आले की निकाल सगळ्यांना बांधतो आणि गहाण घेणाऱ्याकडं बहाणा उरत नाही.

आता त्यांचा दुसरा दम : 'पन्नास वर्षं उलटली, जमीन आमची.' इथं मी थोडा थांबणार आहे, कारण तुमचं सगळं प्रकरण यावर तरणार किंवा बुडणार आहे.

१९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६१ प्रमाणे गहाण सोडवायला ३० वर्षं मिळतात, आणि ती सोडवण्याचा हक्क निर्माण झाला तेव्हापासून मोजतात. १९७१ मध्ये पाच वर्षं मिळवली की १९७६, त्यात ३० मिळवली की २००६. असा हिशेब गावातला कोणीही करून दाखवेल आणि तुम्हाला घरी पाठवेल. पण ताबेगहाणाला हा हिशेब लागत नाही. पिकाच्या उत्पन्नातून पैसा वसूल करायचा असं जे गहाण असतं, त्यात ताबा परत मागण्याचा हक्क मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६२ खाली येतो (पुढं नुसतं 'कलम' म्हटलं, की ते याच कायद्याचं). ऑगस्ट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सिंग राम खटल्यात स्पष्ट केलं, की अशा गहाणात फक्त काळ गेला म्हणून हक्क संपत नाही. गहाणाची रक्कम उत्पन्नातून फिटते, किंवा गहाण ठेवणारा ती देतो, देऊ करतो किंवा कोर्टात भरतो, त्या वेळेपासून पुढं ३० वर्षांचं घड्याळ चालू होतं. त्या निकालानंतर कित्येक कुटुंबांना, ज्यांनी आशा सोडून दिली होती, पुन्हा कोर्टाची पायरी चढता आली.

तुमच्या दस्तात पाच वर्षांची मुदत लिहिली आहे, म्हणून समोरचे वकील २००६ चा मुद्दा काढणारच. कलम ६२ चा दुसरा भाग नेमका अशाच दस्तासाठी आहे : पीक व्याजात खायचं, मुद्दल ठरलेली मुदत संपल्यावर परत द्यायचं. तुमच्या वकिलांना तो भाग आणि २०१४ चा निकाल शेजारी शेजारी ठेवायला सांगा. पण त्याआधी दस्त डोळ्यांनी वाचा. आपल्याकडं लोक 'गहाण' हा एकच शब्द तीन वेगळ्या कागदांना वापरतात. ताबेगहाण असेल तर वर सांगितलं ते लागू. नजरगहाण म्हणजे ताबा न देता केलेलं गहाण, ते तुमचं नाही हे दिसतंच आहे. तिसरी असते मुदत खरेदी : 'अमुक मुदतीत पैसे दिले तर जमीन परत, नाही दिले तर खरेदी कायम.' परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल, तर कोर्ट सगळी परिस्थिती बघून त्याला गहाण मानू शकतं. मात्र त्याला ३० वर्षांची मर्यादा कडक लागते. परतीची अट वेगळ्या कागदावर असेल, तर कायदा त्याला गहाण म्हणतच नाही. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून १९७१ च्या दस्ताची सहीशिक्क्याची नक्कल काढा, आणि तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या वर्षाचा फेरफार. जुन्या सातबारावर इतर हक्कात गहाणाचा बोजा दिसत असेल, तर तो उताराही जपून ठेवा.

निम्मे दोन हजार भरून निम्मी जमीन सोडवायचा तुमचा विचार समजण्यासारखा आहे. आपल्यापुरतं मिटवावं आणि भांडणातून बाहेर पडावं, असं कुणालाही वाटेल. पण कलम ६० हे करू देत नाही. गहाण एकच असतं, ते तुकड्यांनी सुटत नाही. चार हजार पूर्ण भरायचे आणि सव्वा एकर पूर्ण सोडवायची.

'मग त्यांच्या हिश्शाचेही पैसे मीच का भरू?' असं तुम्ही विचाराल. भरलेले पैसे बुडत नाहीत. कलम ९२ प्रमाणे सहहिस्सेदारानं सगळं गहाण सोडवलं, की इतरांच्या हिश्शापुरता तो गहाण घेणाऱ्याच्या जागी येतो. चुलतभावांचा हिस्सा निम्मा ठरला, तर आपला वाटा म्हणून दोन हजार आणि रीतसर खर्चाचा भाग तुम्हाला दिल्याशिवाय त्यांना तो हिस्सा तुमच्याकडून मागता येणार नाही. आकडा लहान वाटेल, पण त्या दिवसापासून त्या रानात तुमचं स्थान काय, हे त्यावर ठरतं.

ताई, याची दुसरी बाजूही तितकीच लक्षात ठेवा. सगळे पैसे तुम्ही भरलेत म्हणून सगळी जमीन तुमची होत नाही. चुलतभावांनी भरले, तर त्यांचीही होत नाही. 'आम्हीच सोडवणार' असं ते म्हणतात तेव्हा तुमच्या पोटात गोळा येतो, ते पत्रातून दिसलं. पण उद्या त्यांनी खरंच सोडवली, तर घाबरू नका. आठवड्याच्या आत वकिलामार्फत नोटीस द्या, आपल्या हिश्शाची रक्कम देऊ करा आणि हिस्सा मागा. फक्त गप्प बसू नका. वर्षानुवर्षं गप्प राहिलेल्या हिस्सेदाराला मुदतीच्या मुद्द्यावर हरताना मी पाहिलं आहे.

चुलतभावांच्या हातात असलेला १९९० चा स्टँप हे तुमच्या घरातलं खरं भांडण आहे. तो कागद पाहिल्याशिवाय त्याला घाबरू नका आणि झिडकारूही नका. 'मी आजपासून या जमिनीवरचा हक्क सोडत आहे' अशी भाषा असेल, तर तो हक्कसोड दस्त झाला. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीचा हक्कसोड १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो. नोंदवला नसेल तर हक्क गेला हे त्या कागदानं सिद्ध होत नाही. पण भाषा अशी असेल, की 'आमच्यात पूर्वीच तोंडी वाटणी झाली, घर याला आणि शेत त्याला, ती आठवणीसाठी लिहून ठेवतो', तर गोष्ट वेगळी. झालेल्या वाटणीची अशी याद नोंदवावी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्येच सांगितलं आहे. मग कोर्ट विचारेल, वाटणी खरंच झाली का? झाली तर गहाण पडलेल्या या जमिनीचा त्यात उल्लेख आहे का? घर खरंच वडिलांच्या एकट्याच्या नावावर झालं का? आणि ताई, उत्तर अगदी खरं द्या. वडील घरात तसं काही बोलल्याचं तुम्हाला आठवत असेल, तर ते वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर येते, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

'मुलींना काय हक्क' असं कोणी म्हणालं, तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीचा वाद घालत बसू नका. वडील २०१९ मध्ये गेले, मागं तुम्ही दोघीच. त्यांचा जो काही हिस्सा असेल, तो पहिल्या वर्गाच्या वारस म्हणून तुम्हा दोघींनाच मिळतो.

धाकट्या चुलतभावाच्या विक्रीची बातमी खरी निघाली, तर डाव थोडा बदलेल. गहाण घेणाऱ्यानंच एखाद्या हिस्सेदाराचा हिस्सा विकत घेतला, तर गहाणाची एकसंधता मोडते आणि कलम ६० मधला अपवाद लागू होतो : उरलेल्या हिस्सेदाराला आपल्या हिश्शापुरते पैसे भरून आपला हिस्सा सोडवता येतो. म्हणजे आज जे होत नाही, ते त्या दिवशी होईल. पण मग तो परका माणूस तुमचा सहहिस्सेदार होईल आणि वाटप मागितल्याशिवाय सुटका होणार नाही. त्याला विकत मिळेल तो फक्त धाकट्याचा हिस्सा, एक गुंठाही जास्त नाही. धाकट्याशी तुमचं अजून बोलणं असेल, तर एकदा जाऊन भेटा. आजोबांचं रान चार हजारांत परत येत असताना तो आपला हिस्सा कवडीमोलानं त्याच लोकांना देऊन बसेल, हे कदाचित त्याच्या लक्षातच आलं नसेल.

आता, आधी वाटप की आधी गहाण? आधी गहाण. गहाण न सोडवता वाटपाचा हुकूमनामा मिळवलात, तर हाती कागदावरचा हिस्सा येईल आणि रानात दुसराच ऊस तोडत राहील. पहिलं पाऊल कलम ८३ चं : गहाणाची पूर्ण रक्कम दिवाणी कोर्टात गहाण घेणाऱ्याच्या नावे भरायची. सोडवण्याचा दावा लावू शकणारा कोणीही ती भरू शकतो, म्हणजे तुम्हीसुद्धा. कोर्ट त्याला नोटीस काढतं. त्यानं पैसे उचलले आणि दस्त परत दिला, तर उत्तम. नाही उचलले, तर त्या अर्जावर मालकीचा वाद मिटणार नाही, मग सोडवण्याचा दावा. पण पैसे भरल्याची तारीख पक्की होते, आणि त्यानंतर त्यानं खाल्लेल्या पिकाचा हिशेब मागायला तुम्हाला आधार मिळतो.

दाव्यात ते आणखी दोन गोष्टी काढतील. एक, 'आम्ही कूळ आहोत.' कूळकायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलं आहे, की ताब्यात असलेला गहाणदार कूळ मानला जात नाही. गहाणाच्या आधीपासून ते कूळ होते असा दावा असेल, तरच तो प्रश्न तहसीलदारांकडं जाईल. म्हणून १९७१ च्या आधीचे पीकपाहणीचे उतारे आत्ताच काढून बघा. दुसरी, 'आम्ही पाइपलाइन आणली, रान सपाट केलं, त्याचे लाख द्या.' जमीन नासू नये म्हणून करावाच लागलेला खर्च मागता येतो. आपल्या उसासाठी केलेली सोय सहसा त्यात बसत नाही. 'तेव्हाचे चार हजार म्हणजे आजचे किती' हा हिशेबही दस्त करत नाही, पन्नास वर्षांचं पीक हेच त्या पैशाचं व्याज होतं. सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करा, असाही सल्ला कोणी देईल. २०१४ च्या त्या कायद्यात मागच्या १५ वर्षांतल्या व्यवहारांचीच जमीन परत मिळते, तुमचा दस्त १९७१ चा आहे. तिकडं वेळ घालवू नका.

कोर्टाच्या भीतीबद्दल. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथं साध्या कागदावर अर्ज द्या. दावा लावण्याआधीच लोकअदालतीत तडजोडीला बोलवा, असंही त्यांना सांगता येतं. तिथं मिटलं तर त्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. तडजोडीला बसलात, तर ताबा उसाची तोड झाल्यावर घ्यायची तयारी दाखवा. उभं पीक सोडून जा म्हटलं की माणूस हट्टाला पेटतो, आणि दोन-चार महिन्यांनी तुमचं काही बिघडत नाही. आणि थोरल्याला सांगा, मुंबईला जायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, तुम्हाला कागलहून ते तासाभराच्या आत आहे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, आणि ती मला सारखी खटकते. आजोबांना मुली होत्या का? तुम्ही 'दोन मुलं' म्हणता, पण आत्यांचा उल्लेख कुठंच नाही. आत्या असतील, आज हयात नसल्या तरी त्यांची मुलं असतील, तर आजोबांच्या हिश्शात त्यांचाही वाटा आहे आणि सोडवण्याच्या दाव्यात त्यांनाही पक्षकार करावं लागेल. चुलत्यांच्या मुली असतील तर त्यांनाही. एका पक्षकारानं सांगलीला दिलेली आत्या माझ्यापासून लपवली होती. दावा पुराव्यापर्यंत गेला, तेव्हा समोरच्यांनी तिचं नाव काढलं. तिला आणून, नोटीस बजावून, पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यात दोन वर्षं गेली. तुमच्या हिश्शाचं गणितही आत्यांमुळं बदलेल. निम्म्याऐवजी कमी येईल, आणि ते त्यांचंच आहे.

तर सगळ्यात आधी आजोबांच्या सगळ्या मुलामुलींची, जिवंत-मयत, नावं आणि पत्ते एका कागदावर लिहा. तो कागद आणि १९७१ च्या दस्ताची नक्कल घेऊन वकिलांकडं जा. बहिणीलाही सोबत न्या. वडिलांच्या हिश्शात तिचा हक्क तुमच्याइतकाच आहे, दाव्यात तिलाही घ्यावं लागेल.